घड्याळ सुरू करू नका

"मशीन बाहेर काढू नकोस हां, शर्मिला. नुसती बघून ये."

खटावकर साहेबांचा हा फोन आला तेव्हा मी हेदवणच्या बांधावर उभी होते. बूट घोट्यापर्यंत चिखलात होते आणि गॅस मोजायचं मशीन खांद्यावरच्या पिशवीत. सोमवार होता, सकाळचे साडेनऊ. कालव्याला पाणी सोडलं की कर्जतच्या बाजूला माघातही भाताची लावणी होते, तशी समोरच्या खाचरात चालली होती. सात-आठ बायका वाकून रोपं लावत होत्या. त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, खाचराच्या कोपऱ्यात, पाण्यातून बुडबुडे येत होते. एकाच जागी, न थांबता, भात शिजताना पातेल्यात येतात तसे.

त्या कोपऱ्याखाली दीड मीटरवर आमची गॅसची मुख्य लाइन होती. वीज केंद्र आणि खताचा कारखाना त्या लाइनीवर चालायचा.

मला बोलावलं होतं कमळू हिलमनं. कमळू आमचा लाइनवॉकर, म्हणजे रोज लाइनीच्या वरून आठ किलोमीटर चालत जायचं, कुठे कोणी खणतंय का, जमीन खचलीय का, ते बघायचं आणि मला सांगायचं, एवढं त्याचं काम. ठेकेदाराचा माणूस. पन्नाशीचा, काटकुळा, अंगावर कंपनीचं पिवळं जाकीट आणि हातात काठी.

"म्याडम, काल नव्हता. आज सकाली बगितला," तो म्हणाला.

"चिखलातला वायू असेल, कमळू. शेणखत कुजलं की येतो."

"तो असा येत नाय. त्याच्यावर पाय दिला की येतो, मंग थांबतो. ह्यो थांबतच नाय. आनि खेकडं बगा."

मी बघितलं. बांधाच्या कडेला चार-पाच खेकडे बिळाबाहेर भर उन्हात बसून होते.

"दिसाचा खेकडा असा बाहेर बसतो कवा?" कमळू म्हणाला. "बिलात त्याला दम निघत नाय. काडा ना तुमची मशीन. मशीन सांगल."

मी पिशवीच्या चेनवर हात ठेवला आणि काढून घेतला.

तेवढ्यात बायकांतली एक पाठ सरळ करून आमच्याकडे आली. अनुसया ठोंबरे. शेत तिचंच. साडीचा काचा मारलेला, हातात रोपांची मूठ. "काय गं बाय, काय बगताव? गॅस फुटला का काय?"

"नाही मावशी. काही नाही."

"मी पन तेच सांगतेय ह्याला. वास तर येत नाय."

त्या वाक्यावर मला बोलायला हवं होतं. मुख्य लाइनीतल्या गॅसला वास नसतो. घरातल्या गॅसला येतो तो वास शहराच्या वेशीवर मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. अनुसयाबाईच्या शेताखालून जाणारा गॅस तिला दिसणार नव्हता, त्याचा वासही येणार नव्हता. तिला वाटत होतं वास नाही म्हणजे धोका नाही. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, लाइनीच्या देखभाल केंद्रावरची एकुलती एक बाई इंजिनिअर, आणि मशीन वापरायची परवानगी आमच्या केंद्रात फक्त माझ्याकडे होती. फार मिरवायचे मी त्या परवानगीचं कार्ड.

आता ते मशीन का काढायचं नाही, हे सांगते. ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

आमच्यासारख्या कंपन्यांना नियामक मंडळ वर्षाकाठी गुण देतं, शाळेत देतात तसे. पुढच्या वर्षी गॅस वाहून नेण्याचा दर किती लावता येईल ते त्या गुणांवर ठरतं. त्यातला एक नियम असा की गळती निश्चित झाल्यापासून लाइन बंद होईपर्यंत जितकी कमी मिनिटं, तितके जास्त गुण. दुसरा नियम असा की आधी कळवल्याशिवाय लाइन बंद केली तर गुण कापले जाणार. तीस दिवस आधी कळवून केली तर नाही. ऐकायला दोन्ही चांगले. ज्यानं केले त्यानं भल्या मनानंच केले असतील. पण "निश्चित" म्हणजे काय? तर परवानगी असलेल्या इंजिनिअरनं मशीन लावून आकडा घेतला, तो क्षण. आणि आमचं मशीन चालू केलं की वेळेसकट सगळं लक्षात ठेवायचं, नंतर पुसता येत नव्हतं. म्हणून मशीन चालू होईपर्यंत गळती ही गळतीच नव्हती. ती असायची "निरीक्षणाखाली". आमच्याकडे ह्याला म्हणायचे, घड्याळ सुरू करू नका. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात चहाची टपरी दाखवायचे आणि हे वाक्य शिकवायचे.

दुपारी केंद्रात परत आले तर खटावकर साहेब डबा खात होते. केंद्रप्रमुख. तोंडातून कधी वाकडा शब्द न काढणारा, सणाला सगळ्यांच्या घरी फोन करणारा माणूस.

"किती मोठे आहेत बुडबुडे?" त्यांनी विचारलं.

"करंगळीएवढे. पण सतत येताहेत, सर. मला वाटतं बघायला हवं."

"बघूया ना. वीस तारखेला आपण लाइन बंद करतोच आहोत. महिन्याआधी कळवलंय. त्यात उरकून टाकू."

"आज सात आहे."

"मोकळं शेत आहे, अगं. वाऱ्यावर जातो गॅस. चार भिंतींत कोंडला तर भीती." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हे नियम मी केलेले नाहीत, शर्मिला. आत्ता बंद केली तर अचानक बंद केल्याचे गुण जातील. ह्या वर्षी आपलं केंद्र पहिलं येतंय. तेरा दिवसांनी काय आकाश कोसळतं?"

तिथे त्या बायका आहेत, असं मी म्हणाले नाही. मी कमळूच्या दिवसाच्या कार्डावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: "हेदवण, बुडबुडे, निरीक्षणाखाली."

मंगळवारी कमळूचा फोन आला. "म्याडम, वाडला." बुधवारी आला. "म्याडम, दोन जागी झाला." गुरुवारी तो काही सांगायच्या आधीच मी म्हणाले, "कमळू, मला माहीत आहे. वर कळवलंय." वर म्हणजे कुठे, ते त्यानं विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बायकांची लावनी अजून दोन दिस चालनार हाय." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी त्यानं फोन करून सांगितलं, "तुमी या. मशीन नसंल चालत तर नको आना. पन या."

मी गेले. तो खाचरात नव्हता. दोनेकशे पावलं अलीकडे, डांबरी रस्त्याच्या कडेला उभा होता. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, उलटी धरलेली, तोंडावर अंगठा घट्ट दाबलेला.

"वारा तिकडून हाय, मी बगितला," तो म्हणाला. "हितं कोन नाय. तुमी पन लांब व्हा."

"कमळू, हे काय आहे?"

"बाटली पान्यानं भरली, बुडबुड्यावर उलटी धरली. पानी खाली गेला, त्यो वर आला. शंभर मोजले तवर भरली."

मी काही म्हणायच्या आत त्यानं बाटली लांब धरली, गुडघ्यांत धरलेल्या काडेपेटीवर दुसऱ्या हातानं काडी ओढून बाटलीच्या तोंडाशी नेली आणि अंगठा काढला. फप् असा आवाज झाला. बाटलीच्या तोंडाशी वीतभर निळी ज्योत उठली, क्षणभर राहिली आणि गेली. प्लास्टिकचं तोंड वाकडं झालं. त्यानं बाटली ओल्या चरात टाकली आणि वर पायानं चिखल ढकलला. मग माझ्याकडे वळला.

"आता बोला म्याडम. चिखलातला हाय?"

चिखलातला वायूही पेटतो, हे मला पाठ होतं. पण चिखल शंभर मोजेपर्यंत बाटली भरून देत नाही. मी पळत सुटले. आयुष्यात चिखलात मी तशी कधी पळाले नसेन. बांधावर पोचून खांद्यावरच्या पिशवीतून मशीन काढलं, चालू केलं, नळी कोपऱ्याकडे धरली. ते कोकलायलाच लागलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. "हेदवण. गळती निश्चित. अकरा बारा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा."

"निश्चित?" पलीकडचा माणूस गडबडला. "मॅडम, खटावकर साहेबांना विचारलंत का?"

"घड्याळ सुरू झालंय!" मी ओरडले. "आता कोणाला विचारता?"

मग मी बायकांना बाहेर काढायला लागले. सगळ्या निघाल्या, अनुसयाबाई सोडून. ती रोपांच्या मुठी गोळा करत होती.

"मावशी, सोडा ते! बाहेर या! गॅस आहे!"

तिनं मान वर केली. "सोमवारी तूच म्हनालीस ना, काय नाय म्हनून?"

 मी तिचा दंड धरला आणि तिला ओढत रस्त्यापर्यंत आणलं. अकरा पन्नासला कंट्रोल रूमचा निरोप आला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, लाइनीतला दाब उतरतोय. अडतीस मिनिटं. खताचा कारखाना थांबला, वीज केंद्राचा एक भाग थांबला, आणि हेदवणच्या कोपऱ्यातले बुडबुडे हळूहळू विरळ होत गेले. मला रडू येत होतं, आणि खोटं कशाला सांगू, स्वतःचा अभिमानही वाटत होता.

तो चार वाजेपर्यंत टिकला.

चार वाजता खटावकर साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मी कदाचित भांडले असते.

"वाच आणि सही कर. वेळेचा अहवाल आहे."

मी वाचलं. शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी शेतकरी महिलांकडून प्रथम माहिती मिळाली. सात मिनिटांत इंजिनिअर जागेवर. अकरा बाराला निश्चिती. अकरा पन्नासला लाइन बंद. आणि खाली, लाइनवॉकर कमळू हिलम याने गळती दिसूनही कळवले नाही. उलट गळतीजवळ ज्वाला पेटवून जीवित धोका निर्माण केला.

"सर, कमळूनं सोमवारी सांगितलं होतं. रोज सांगत होता."

"कुठे लिहिलंय?"

"कार्डांवर. मीच लिहिलंय."

त्यांनी खण उघडला. आत कोरी कार्डं होती, प्रत्येकावर खाली कमळूची सही. कमळूला सहीपुरतंच लिहिता यायचं. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या कार्डांवर त्याच्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि रोज तो सांगेल ते मी वर लिहायचं, अशी आमची सोय होती. ती सोय मीच काढली होती. त्याला रोज केंद्रापर्यंत यायला नको म्हणून.

"त्यानं आग लावली नाही, सर. लांब रस्त्यावर नेऊन बाटली पेटवली. वारा बघून. आणि मला कळावं म्हणून."

"चार बायकांनी ज्योत बघितलीय. ते लिहावंच लागणार." ते थोडं पुढे झुकले. "सोमवार कागदावर आला, तर मंडळ पहिला प्रश्न काय विचारेल? पाहणीला कोण गेलं होतं? मशीन कोणाच्या पिशवीत होतं? चालू का केलं नाही? मी तर इथे ऑफिसात होतो. फोनवर काय बोललो, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही."

"तुम्हीच सांगितलंत."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण सही तुझी आहे, परवानगी तुझी आहे. माझं ऐक. तो ठेक्यावरचा माणूस आहे, दुसरीकडे लागेल. तुला कुठे ठेवून घेतील?"

मी ज्या आवाजात कंट्रोल रूमवर ओरडले होते, तो आवाज त्या खोलीत कुठे गेला कोण जाणे. मी खुर्चीवर बसले. आधीच्या चार कार्डांच्या जागी ठेवायला चार कोरी कार्डं घेतली. सोमवार, हेदवण, सर्व ठीक. मंगळवार, हेदवण, सर्व ठीक. बुधवार. गुरुवार. चारही वळणदार अक्षरात. मग अहवालावर सही केली. खटावकरांनी मला पाणी दिलं. ते पाणी मी प्यायले, ह्याचा मला अजून संताप येतो.

शनिवारी ठेकेदारानं कमळूचं जाकीट आणि काठी काढून घेतली. तो केंद्राच्या फाटकाशी आला, पहारेकऱ्याला म्हणाला, म्याडमला बोलवा, म्याडमला सगला ठाव हाय. मी वरच्या खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही. तासाभरानं तो निघून गेला.

एप्रिलमध्ये कंपनीच्या कार्यक्रमात मला तत्परतेचं पारितोषिक मिळालं. अडतीस मिनिटं म्हणजे आमच्या सगळ्या लाइनींवरचा सर्वांत कमी वेळ. खटावकर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. पुढच्या वर्षापासून सगळ्या केंद्रांना अडतीस मिनिटं हाच मापदंड, असं तिथेच जाहीर झालं. म्हणजे आता प्रत्येक केंद्रावरचं मशीन पिशवीत आणखी जास्त दिवस राहणार होतं, कारण सगळी तयारी झाल्याशिवाय घड्याळ सुरू करणं कोणालाच परवडणार नव्हतं. हे सभागृहातल्या प्रत्येक इंजिनिअरला कळत होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. आज अकरा वर्षं झाली. मापदंड सव्वीस मिनिटांवर आलाय आणि दर वर्षी कोणीतरी त्यासाठी हार घालून घेतो.

मे महिन्यात पिकाच्या नुकसानीची पाहणी करायला मला हेदवणला पाठवलं. दुरुस्तीसाठी खणलेला भाग सोडून बाकीचं भात कापायला आलं होतं. अनुसयाबाई विळा घेऊन उभी होती. मी मोजमाप घेतलं, तिनं अंगठा दिला, मग विचारलं, "तो कमलू दिसला नाय बरेच दिसात."

"त्याला कामावरून काढलं, मावशी."

"का?"

"गळतीजवळ आग पेटवली म्हणून."

तिनं विळा खाली केला.

"कमलूनं? आग?" ती म्हणाली. "अगं, तू त्या सोमवारी गेलीस ना, त्याच्या मागनं तो आला आनि आमच्या समद्यांच्या आगपेट्या मागून घेतल्या. त्याचा चालनं झाला की रोज ह्या बांधावर येऊन बसायचा, सांजवेर. चार दिस आमाला चूल पेटवू दिली नाय. चहा नाय, थंडा भात खाल्ला. माझा नवरा बिडी काडून बसला, तर त्याच्या अंगावर धावून गेला. आमी किती शिव्या घातल्या त्याला! म्हनलो, एवडी शिकलेली म्याडम सांगून गेली काय नाय, तू कोन मोठा लागून गेलास?"

 मी बांधावर बसले.

"कुठे असतो तो आता?" मी विचारलं.

"नदीकडं, ईटभट्टीवर. बायकोला घेऊन गेलाय."

मी जीप तशीच नदीकडे घेतली. भट्टीवर ऊन रणरणत होतं. कमळू उकिडवा बसून साच्यात चिखल भरत होता, बायको विटा उन्हात मांडत होती. मला बघून तो उठला, हात धोतराला पुसले आणि चक्क हसला.

"म्याडम! हितं कशा?"

"कमळू, मी तुझ्याबद्दल..." मी म्हणाले. "मी लेखी देते. तू सोमवारीच सांगितलं होतंस, ते. खरं काय ते सगळं देते."

"काम मिलंल का परत?"

"माहीत नाही. बहुतेक नाही."

"मंग तुमचा पन जाईल ना?"

"जाईल."

"मंग कशाला?" तो म्हणाला. "साहेबानं केला ते केला. तुमी काय करनार?" आणि मग बायकोकडे वळून, माझी ओळख करून द्यावी तसं, तो सांगू लागला, "ह्या त्या म्याडम. ह्यांचा काय दोष नाय गं. सोमवारी धावत आल्या व्हत्या, पन ह्यांची मशीन बिगडलेली व्हती. म्हनून तर मी बाटली केली. मशीन चालू असती तर ह्यांनी बायकांना येक घटका त्या पान्यात ठेवल्या नसत्या."

त्याची बायको माझ्याकडे बघून मान हलवत होती. मी नुसती गप्प बसले असते तरी भागलं असतं. गप्प बसण्यात मी तरबेज झाले होते.

"नाही कमळू," मी म्हणाले. "मशीन चांगलं होतं."

त्याला आधी कळलं नाही. "सोमवारी?"

"सोमवारी. पिशवीत होतं. मी चालू केलं नाही."

 तो खाली बसला, साचा पुढे ओढला आणि त्यात चिखल भरायला लागला.

"जावा तुमी," तो म्हणाला.